बाळाचं फोल्डर

त्या दिवशी बाजाराला साप्ताहिक सुट्टी होती. गल्लीतली सगळी शटरं खाली होती, आणि एरवी हॉर्न नि हाकांनी कान किटतील अशा त्या गल्लीत एक कुत्रं तेवढं सावली बघून पसरलं होतं. एकच शटर अर्धं वर होतं. स्टुडिओवाल्या मावशींचं.

मावशी म्हणजे सगळ्या बाजाराच्या मावशी. गल्लीच्या टोकाला प्रसूतिगृह आणि त्याच्या समोर त्यांचा फोटो स्टुडिओ, त्यामुळे गावातल्या अर्ध्याअधिक पोरांनी आईच्या खालोखाल मावशींचंच तोंड पाहिलेलं. दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो काढता काढता स्वतःचं लग्न तेवढं राहून गेलं, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. आता केस पिकले होते, गुडघे कुरकुरत होते, पण बोट अजून कॅमेऱ्याच्या बटणावर थरथरत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी त्या स्टुडिओ उघडून बसल्या होत्या त्याला कारण होतं. आदल्या दिवशी एका बाईंचा फोन आला होता. बाई सिटी बसमध्ये कंडक्टर होत्या. एका फेरीत त्यांच्या बसमध्ये प्रसूतिगृहातल्या जुन्या सिस्टर चढल्या. सिस्टर आता निवृत्त झाल्या होत्या. तिकीट घेताना त्यांनी बाईंच्या तोंडाकडे नीट बघितलं. शेवटच्या थांब्यावर उतरताना पायरीवर थांबून म्हणाल्या, "समोरच्या स्टुडिओत जाऊन ये एकदा. तुझ्या बाळाचे फोटो आहेत तिथं."

बाईंचं बाळ जन्मतःच गेलेलं होतं. मुलगी होती. बाई भूल उतरून शुद्धीवर येईपर्यंत सगळं आवरलेलं होतं. तिचं तोंडसुद्धा त्यांना पाहायला मिळालं नव्हतं.

मावशींना तो दिवस चांगला आठवत होता. सिस्टरच त्यांना बोलवायला आल्या होत्या. "आज फोटो नको वाटेल त्यांना," त्या म्हणाल्या होत्या, "पण पुढंमागं कधीतरी हवा वाटेल. काढून ठेव." मावशी गेल्या. मागच्या एका खोलीत, पिवळ्या दुलईत गुंडाळलेलं ते बाळ. धरायला कुणी नव्हतं. मावशींनी डावा हात त्याच्या डोक्याखाली घातला आणि उजव्या हाताने चार-पाच फोटो काढले. एवढ्याशा डोक्याचं वजन ते काय, पण घरी आल्यावर रात्रभर तो हात भरून आल्यासारखा वाटत होता. फोल्डरला नाव काय द्यायचं ते सुचेना, म्हणून नुसतं 'बाळ' असं नाव देऊन त्यांनी ते ठेवून दिलं. न्यायला कुणी आलं नाही. येणार तरी कसं? त्या घरात कुणाला पत्ताच नव्हता.

तर आता ते फोल्डर काढून ठेवायचं, एवढंच काम. पण त्यात मेख होती. मावशींचा जुना कॉम्प्युटर उन्हाळ्यात राम म्हणाला होता आणि नव्यावर सगळे फोटो हलवल्यापासून फोटोंचं सॉफ्टवेअर रुसून बसलं होतं. या सॉफ्टवेअरची गंमत अशी, की फोटो त्याच्याकडे नसतातच. कुठला फोटो कुठे ठेवलाय, एवढं त्याला ठाऊक. तुम्ही त्याच्या पाठीमागे फोल्डर दुसरीकडे हलवलंत, की ते जुन्या पत्त्यावर जातं, दार वाजवतं, कुणी नाही बघून परत येतं आणि त्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह लावून मोकळं होतं. मावशींच्या पडद्यावर सकाळी प्रश्नचिन्हांची रांग लागली होती.

"फिल्मच्या काळात बरं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "काही हरवलं की उंदरावर ढकलता यायचं. आता उंदीर आपल्याच हातात!"

फोल्डरवर माऊसचं उजवं बटण दाबायचं, 'हरवलेलं फोल्डर शोधा' म्हणायचं, नवीन जागा दाखवायची, की प्रश्नचिन्ह जायचं. काम किचकट नव्हतं, वेळखाऊ होतं. साखरपुडे सापडले, बारशी सापडली, शाळांची स्नेहसंमेलनं आपापल्या जागी जाऊन बसली. दुपारपर्यंत एकच नाव राखाडी राहिलं होतं. 'बाळ'.

तेवढ्यात शटरखालून वाकून कंडक्टरबाई आत आल्या.

बाईंच्या आवाजाने चालती बस थांबायची म्हणे. पण आत आल्यावर त्या इतक्या हळू बोलल्या, की मावशींना दोनदा विचारावं लागलं.

"सापडले का?"

"सापडतील. बसा. एकट्याच आलात?"

"हे आलेत. कोपऱ्यावर स्कूटर लावून उभे आहेत. आत येत नाहीत." बाईंनी हातातली पिशवी मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. "लिफ्ट दुरुस्त करतात हे. दहाव्या मजल्यावर दोरीला लोंबकळायची भीती वाटत नाही. इथं यायची वाटते."

मावशींनी 'बाळ' या नावावर क्लिक केलं. पडद्यावर छोट्या छोट्या चौकटी उघडल्या. मूळ फोटो नसला तरी सॉफ्टवेअर त्याची नखाएवढी आठवण ठेवतं. पहिल्या चौकटीत पिवळा रंग होता आणि त्याच्या मधोमध फिकट गुलाबी ठिपका.

बाई खुर्चीवरून अर्ध्या उठल्या. "ही?"

"हो."

"मोठं करा ना."

मावशींनी मोठं केलं. पिवळा धूर झाला, गुलाबी धूर झाला, आणि खाली ओळ आली, की मूळ फाईल सापडत नाही. बाईंनी पडद्याला नाक लागेल इतकं जवळ जाऊन पाहिलं. मग मागे सरून बसल्या. "इतकी वर्षं एवढंही नव्हतं," त्या म्हणाल्या. जणू मावशींनाच समजावत होत्या.

मावशींच्या मात्र दुसरंच काहीतरी लक्षात आलं होतं. पहिल्या चार-पाच चौकटींनंतर फोल्डर संपायला हवं होतं. ते संपत नव्हतं. खाली रिकाम्या राखाडी चौकटी लागल्या होत्या, ओळीमागून ओळ, माऊसचं चाक फिरवावं तितक्या. दुसरं कुठलं तरी फोल्डर यात मिसळलं असणार, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली आणि बाईंना काही सांगितलं नाही. फोल्डर शेवटचं कुठे होतं ते बघावं म्हणून त्यांनी नावावर बाण नेला. पिवळट चौकोनात पत्ता उमटला. तिथे जुन्या डिस्कचं नाव यायला हवं होतं, मग वर्ष, मग प्रसूतिगृह.

तिथे लिहिलं होतं: 'आतली खोली'. बाकी काही नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. एखाद्या डिस्कला मीच असं नाव दिलं असेल. वयाला काय लाज!" मावशी हसल्या. पण त्या आपल्या डिस्कना वर्षांचीच नावं द्यायच्या, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

जुन्या डिस्क कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या. मावशींनी एकेक लावून पाहिली. डिस्क घरघरायची, आत एखादं लहान चाक फिरल्यासारखा आवाज यायचा, आणि पडद्यावर तेच उत्तर: इथे नाही. डब्याचा तळ लागला. गल्लीत इतकी शांतता होती, की शेवटची डिस्क थांबल्यावरसुद्धा तो घरघर आवाज ऐकू येत होता.

मावशींनी वायर उपटली. आवाज चालूच होता.

"आतून येतोय," बाई म्हणाल्या.

आतली खोली म्हणजे मुलांचे फोटो काढायची खोली. खिडकी नाही. एका बाजूला ढगांचा पडदा, दुसऱ्या बाजूला समुद्राचा, खुळखुळ्यांची टोपली, आणि एक लाल रंगाची छोटी खुर्ची. मावशींनी दार ढकललं. बंद खोलीला एरवी धुळीचा आणि जुन्या कापडाचा वास यायचा. आज त्या वासाखाली दुसरा वास होता. दुधाचा, पावडरीचा, झोपेतून उठलेल्या मुलाच्या मानेला येतो तसला. काल-परवा कुणी गिऱ्हाईक मूल घेऊन आलं नव्हतं. मावशींनी चाचपडत दिव्याचं बटण दाबलं.

लाल खुर्चीवर एक डिस्क ठेवलेली होती. तिला वायर नव्हती. ती कशालाच जोडलेली नव्हती. दिवा लागला तशी घरघर थांबली.

मावशींनी ती उचलली, आणि त्यांच्या हातून पडता पडता राहिली. डिस्क गरम होती. चालू असलेलं यंत्र तापतं तशी नाही. एखादं मूल खुर्चीवरून आत्ताच उठावं आणि बसायची जागा उबदार राहावी, तशी.

"मिळाली?" बाहेरून बाईंनी विचारलं.

"मिळाली बहुतेक," मावशी म्हणाल्या. दिवा घालवायला त्यांचा हात झाला नाही. दार तेवढं ओढून घेतलं.

डिस्क जोडली. जागा दाखवली. क्षणभर पडदा थिजल्यासारखा झाला, आणि मग 'बाळ' या नावापुढचं प्रश्नचिन्ह पुसल्यासारखं गेलं. राखाडी अक्षरं उजळली.

पहिला फोटो उघडला. पिवळी दुलई, मिटलेले डोळे, ओठांची चिमुकली घडी, कपाळावर ओलसर केसांची एक बट. डोक्याखाली मावशींचा डावा हात. मनगटावर त्यांच्या जुन्या घड्याळाच्या पट्ट्याची खूण, अंगठ्याजवळ लहानपणी भाजल्याचा डाग.

कंडक्टरबाई रडल्या नाहीत. त्यांनी फक्त पडद्यावर, त्या बटेवर, बोट ठेवलं आणि ती बट मागे सारतात तसं बोट फिरवलं.

"नाक ह्यांचं आहे," त्या म्हणाल्या. "बघा ना. सरळ ह्यांचं. आणि हनुवटी... हनुवटी माझ्या आईची." मग त्या हाताकडे बघून, "किती छान धरलंय तुम्ही हिला."

"धरायला कुणी नव्हतं गं," एवढंच मावशी म्हणाल्या. तुम्हीचं 'गं' कधी झालं ते दोघींनाही कळलं नाही.

बाईंनी स्वतःच पुढचं बटण दाबलं. दुसरा, तिसरा, चौथा. सगळे तसेच, थोडे जवळून, थोडे लांबून. मावशींनी काढलेले फोटो तिथे संपले.

बाईंनी पुन्हा बटण दाबलं.

तीच पिवळी दुलई होती. तोच डावा हात. पण बाळाचे डोळे उघडे होते.

भिंतीवरचं घड्याळ आपलं चालत होतं. बाईंचं बोट बटणावर होतं, ते आपोआप दाबलं जात होतं. बाळ पालथं पडलं. बाळ बसायला लागलं, मागे आधाराला तो हात. बाळ लाल खुर्चीला धरून उभं राहिलं, बगलेखाली तो हात. मागे ढगांचा पडदा. तो पडदा मावशींनी बाळ गेल्यानंतर पुढच्या वर्षी आणलेला होता. मग समुद्राचा पडदा, तो तर अगदी अलीकडचा. मुलीचे केस वाढले. कुणीतरी तिच्या दोन वेण्या घातल्या, एक वर, एक खाली, सवय नसलेल्या माणसाने घालाव्यात तशा. समोरचे दोन दात पडले. आणि प्रत्येक फोटोत, खांद्यावर, डोक्यावर, बोट धरून, तो हात होता. भाजल्याचा डाग तोच. फक्त हळूहळू हातावरच्या शिरा वर येत गेल्या, कातडी सैल झाली. हात म्हातारा होत गेला.

"मावशी..." बाईंचा आवाज आता आवाज नव्हताच. "हा तुमचा हात आहे."

"मी नाही काढले हे." मावशींनी डावा हात मांडीखाली दडपला होता. "शप्पथ सांगते. मी त्या दिवशीनंतर... हिला कधी..."

आणि बोलता बोलता त्या थांबल्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्या आतल्या खोलीत चटई टाकून पडायच्या. डोळा लागायचा. उठल्यावर कधीकधी डावा हात जड झालेला असायचा, मुंग्या आलेल्या, तळवा ओलसर नि कोमट, कुणाचं तरी बोट खूप वेळ धरून ठेवल्यासारखा. डॉक्टरांनी मानेचा व्यायाम सांगितला होता. वर्षानुवर्षं त्या मानेचा व्यायाम करत आल्या होत्या.

त्यांनी ते बाईंना सांगितलं. काही लपवलं नाही.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मावशींना वाटलं, आता ही ओरडेल, नाहीतर पळत सुटेल. तसं झालं असतं तर सोपं गेलं असतं. बाई म्हणाल्या, "म्हणजे ती एकटी नव्हती."

"नव्हती."

"मला तेच वाटायचं, मावशी. रोज. शेवटच्या फेरीला बस रिकामी असली, की मला वाटायचं, कुठे असेल, कुणाजवळ असेल." त्यांनी डोळे पुसले. "वेण्या मात्र तुम्हाला येत नाहीत हं."

त्या तसल्या वेळी मावशींना हसू आलं. दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींचेही डोळे वाहायला लागले. बाईंनी शेवटचा फोटो उघडला तो त्याच भरात.

त्यात हात नव्हता. मुलगी एकटीच उभी होती, आतल्या खोलीच्या दाराशी. दार बोटभर उघडं होतं आणि ती त्या फटीतून बाहेर बघत होती. फटीतून कॉम्प्युटरचा उजेड दिसत होता, आणि त्या उजेडापुढे पाठमोऱ्या बसलेल्या दोन बायका.

मावशींना मान वळवायचा धीर होईना. दार त्यांनी ओढून घेतलं होतं, कडी लागल्याचा आवाज त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

कंडक्टरबाई उठल्या.

"नको गं..." मावशींनी त्यांचा हात धरला. "थांब... आपल्याला काय माहीत, ते..."

"मला माहीत आहे."

दार बोटभर उघडं होतं. बाई दारासमोर गुडघे टेकून बसल्या. आत दिवा होता, तरी फटीत अंधारच दिसत होता. त्या अंधाराला त्या म्हणाल्या, "चल. घरी जायचं. जागा आहे गं घरी... पुष्कळ जागा आहे."

दुधाचा नि पावडरीचा तो वास हळूच बाहेर आला, मावशींच्या अंगावरून गेला, आणि जाताना मावशींच्या डाव्या तळव्याला काहीतरी कोमट टेकल्यासारखं झालं. क्षणभरच. मग तळवा गार पडला. एवढा गार, की मावशींना तो पोटाशी धरावा लागला.

बाईंनी पेन ड्राइव्ह आणला होता. मावशी फोल्डरची कॉपी करायला लागल्या, तशा बाई म्हणाल्या, "कॉपी नको. हलवा. तिला दोन ठिकाणी ठेवायचं नाही."

मावशींनी फोल्डर हलवलं. काम पुरं झालं आणि डिस्क गार झाली. सॉफ्टवेअर नेहमीप्रमाणे जुन्या जागी जाऊन आलं, कुणी नाही बघून त्याने 'बाळ' या नावापुढे प्रश्नचिन्ह लावलं. या वेळी मावशींनी ते तसंच राहू दिलं.

बाईंना सोडायला त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. स्कूटरवाल्या गृहस्थांनी हेल्मेट काढलं आणि हातात फिरवत राहिले. मग मावशींना म्हणाले, "मी पाहिलं होतं तिला. एकदाच. ही मोडून पडेल म्हणून मीच सगळं घाईने उरकायला लावलं. नंतर ही रोज विचारायची, कशी होती, कुणासारखी होती. माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही."

"नाक तुमचं आहे," बाई म्हणाल्या. "चला आता. घरी गेल्यावर दाखवते."

त्या मागे बसल्या. मावशींनी पाहिलं, त्या नवऱ्याला चिकटून बसल्या नाहीत. मध्ये जागा सोडली, आणि त्या रिकाम्या जागेभोवती दोन्ही हात नेऊन नवऱ्याचा शर्ट घट्ट धरला. स्कूटर सावकाश, खड्डे चुकवत गेली.

त्यानंतर मावशींचे दिवस बरे गेले असं म्हणता येणार नाही. भीती नव्हती वाटत. आतल्या खोलीला पुन्हा धुळीचा नि जुन्या कापडाचा वास येऊ लागला, आणि तोच त्यांना सहन होईना. दुपारी डोळा लागायचा, हात हलकाच राहायचा. गिऱ्हाइकांच्या मुलांना त्या जरा जास्तच वेळ मांडीवर घेऊन बसायच्या. एकदा तर बाजारातून लहान मुलींच्या केसांना लावायच्या रिबिनी घेऊन आल्या, आणि घरी आल्यावर त्यांना समजेना, की या आणल्या कुणासाठी.

कंडक्टरबाईंचा फोन अधूनमधून यायचा. नवीन फोटो येत होते. पेन ड्राइव्ह लावला, की एखादा जास्तीचा असायचा. मुलगी त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसलेली. मुलगी वडिलांच्या अवजारांच्या पेटीत डोकं घालून. वेण्या आता सारख्या होत्या. खांद्यावरचा हात आता बाईंचा होता. "हे रोज कामावरून आल्यावर आधी कॉम्प्युटर लावतात," बाई सांगायच्या, आणि पलीकडून नवऱ्याचं हसणं ऐकू यायचं. मावशी म्हणायच्या, "मला नको हं पाठवूस. तिथंच राहू दे तिला."

एका सकाळी, मावशी शटर वर करत असतानाच फोन वाजला. बाई पुन्हा पहिल्या दिवसासारख्या हळू बोलत होत्या.

"मावशी, एक विचारू? इतके दिवस मी तिच्याकडेच बघत होते, म्हणून सुचलंच नाही."

"विचार की."

"हे फोटो... काढतं कोण?"

मावशींचा शटरवरचा हात तसाच राहिला. त्यांची सगळी हयात कॅमेऱ्यामागे गेलेली. त्यांनी त्या फोटोंतला हात पाहिला, डोळे पाहिले, उजेड कुठून येतोय ते पाहिलं. समोर कोण उभं आहे, हे एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.

"ती हसते ना पण?" मावशींनी कसंबसं विचारलं. "फोटोत हसते ना?"

"परवापर्यंत हसायची." पलीकडून कुठलं तरी दार लावल्याचा आवाज आला. "आज उठल्यावर बघितलं, तर एक नवीन आलाय. आमच्या झोपायच्या खोलीतला. मी झोपलेय, हे झोपलेत, आणि ती आमच्या मधे पांघरुणात शिरलीय. नुसते डोळे बाहेर. समोर बघतेय... फोटो फार जवळून काढलाय, मावशी. पलंगाला टेकून काढावा इतक्या जवळून."

"आणि?"

"तिने माझ्या तोंडावर हात दाबून धरलाय," बाई म्हणाल्या. "आवाज करू नकोस म्हणून धरतात ना... तसा."